इन्सुलिन वाढवलं तरी मांजराची साखर चारशेखाली येत नाही: डोसला हात लावण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. मांजराला मधुमेह निघाला, डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक युनिट इन्सुलिन सुरू केलं. आठवड्याने सकाळची साखर ४२०. दीड युनिट केलं, पुन्हा चारशेच्या वर. दोन केलं, अडीच केलं. पाणी पिणं तेवढंच, लिटर-ट्रेमधले लघवीचे गोळे तेवढेच मोठे, आणि पाठीचा कणा आता हाताला लागायला लागलाय. मग विचारलं जातं, "ताई, आता तीन करू का?"

आज तरी करू नका. सुई टोचण्याआधीचा आकडा म्हणजे आधीच्या डोसचा जोर ओसरल्यावरचा आकडा. मधल्या बारा तासांत साखर कुठवर उतरली होती, हे त्यातून कळत नाही. ती जेमतेम ३७० पर्यंत उतरली असेल, किंवा ५५ पर्यंत जाऊन पुन्हा वर चढली असेल. दोन्ही मांजरांचा सकाळचा आकडा ४२०च दिसणार. एकाला इन्सुलिन कमी पडतंय आणि दुसऱ्याच्या जिवावर बेतायची वेळ आलीय. डोस ठरतो तो मधल्या सगळ्यात खालच्या आकड्यावरून. तो माहीत नसताना अर्धा-अर्धा युनिट वाढवत जाणं हीच या दुखण्यातली सगळ्यात घातक सवय आहे, आणि ती मला इतक्या घरांत दिसते की त्यासाठीच हे सविस्तर लिहितेय. डोस बदलायचा तो डॉक्टरांनीच. पण त्यांच्यापुढे काय घेऊन जायचं, ते आपल्या हातात आहे.

(सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे राहणाऱ्यांनी १८ ने भागावं, म्हणजे तिथल्या मीटरवरचा आकडा मिळेल.)

आधी सिरिंज आणि बाटली समोरासमोर धरा

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही दोन. लाल टोपणाची ४० च्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची १०० साठी. मांजरांना बऱ्याचदा ग्लार्जिन देतात, म्हणजे लँटस किंवा बेसालॉग, आणि ते १०० चं असतं. जनावरांसाठी म्हणून निघालेलं कॅनिन्सुलिन आणि प्रोझिंक ही दोन्ही ४० ची. माणसांच्या इन्सुलिनच्या ४० च्या बाटल्याही आपल्याकडे सर्रास विकल्या जातात, त्यामुळे दुकानात लाल टोपणाच्या सिरिंजा ढिगाने असतात. काउंटरवरचा मुलगा "सगळ्या सारख्याच असतात मॅडम" म्हणत हाताला येईल ती देतो.

त्या सारख्या नसतात. ४० चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये एका रेषेपर्यंत भरलंत, तर मांजराला मिळतं ०.४ युनिट. साखर उतरत नाही याचं कारण कितीदा एवढंच असतं. उलटं झालं तर फार वाईट: ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका रेषेपर्यंत भरलंत की एकाच्या जागी अडीच युनिट गेले. चार किलोच्या जिवाला हा फरक झेपत नाही. सिरिंजचा नवा डबा आणला की बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचून जुळवायचा. घरात टोचणारे दोघं-तिघं असतील तर दुसऱ्या ताकदीची सिरिंज घरात ठेवायचीच नाही.

केशरी टोपणाच्या सिरिंजमध्येही एक मेख आहे. एक मिलिलिटरच्या मोठ्या सिरिंजवर प्रत्येक बारीक रेघ दोन युनिटांची असते. तिच्यात एक किंवा दीड युनिट मोजणं म्हणजे निव्वळ अंदाज. मांजरासाठी ०.३ मिलिलिटरची, ३० पर्यंत आकडे असलेली सिरिंज मागा. तिच्यावर रेघ एका युनिटाची असते, आणि अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तमच. १०० च्या इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. एवढ्याशा थेंबात हवेचा एक बुडबुडा शिरला तरी अर्धा डोस गेला. म्हणून सिरिंज उभी धरा, नखाने टिचकी मारा, बुडबुडा वर आला की ढकलून द्या, आणि मगच रेघ बघा.

इन्सुलिन जिवंत आहे का?

ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ असतं. जरा गढूळ दिसलं, त्यात तंतू दिसले, की फेकायचं. ते हलवायचं नाही, त्यात पाणी घालायचं नाही, दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. कॅनिन्सुलिनचं उलट: बाटली हलवून सगळं एकसारखं दुधाळ झाल्यावरच भरायचं. प्रोझिंक तळव्यांमध्ये हळू फिरवायचं. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की औषध वाया.

फ्रीजमध्ये बाटली बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात दुपारभर वीज जाते, तेव्हा थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात बाटली ठेवायची, पण मध्ये जाड फडकं हवं. बाटली उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवा. ग्लार्जिनच्या कागदावर उघडल्यापासून २८ दिवस लिहिलेले असतात. फ्रीजमध्ये राहिलेली बाटली मांजरासाठी त्याहून जास्त दिवस वापरायला अनेक डॉक्टर हरकत घेत नाहीत, पण साखर विनाकारण चढायला लागली तर पहिला संशय जुन्या बाटलीवर घ्यायचा. दिवसाला दोन-तीन युनिट लागणाऱ्या मांजरासाठी दहा मिलिलिटरची बाटली म्हणजे हजार युनिट, त्यातलं निम्म्याहून जास्त फुकट जातं. तीन मिलिलिटरचं पेनचं कार्ट्रिज घेऊन त्यातून सिरिंजने काढणं पुष्कळांना परवडतं. मात्र सिरिंजने काढलेलं कार्ट्रिज पुन्हा पेनमध्ये घालायचं नाही, आत हवा शिरलेली असते आणि पेनचा डोस चुकतो.

टोचणं. मानेवरची सैल कातडी सगळ्यांना सोपी वाटते, पण तिथे रक्तपुरवठा कमी, आणि रोज तिथेच टोचलं की शोषण आणखी बिघडतं. बरगड्यांच्या बाजूला, कुशीला, डावी-उजवी आलटून पालटून टोचा. केस दाट असतील तर सुई कातडीच्या घडीतून आरपार जाऊन इन्सुलिन केसांवर पडतं. टोचल्यावर तिथे बोट फिरवून हुंगायची सवय लावा: ओलं लागलं आणि दवाखान्यातल्या औषधासारखा वास आला, तर डोस बाहेर गेला. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही. किती आत गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि एका वेळची चढलेली साखर डबल डोसपेक्षा केव्हाही बरी.

साखर घरीच मोजायची

दवाखान्यात घेतलेल्या आकड्यावर डोस ठरवता येत नाही. रिक्षाचा आवाज, पिंजरा, शेजारी भुंकणारा कुत्रा, एवढ्याने मधुमेह नसलेल्या मांजराचीही साखर तीनशेच्या आसपास जाऊ शकते. घरी, नेहमीच्या जागी घेतलेला आकडाच खरा.

रक्त कानाच्या कडेवरून घ्यायचं. कानाच्या बाहेरच्या काठाला समांतर एक बारीक शीर जाते, कान उजेडाकडे धरला की दिसते. शिरेत टोचायचं नाही, शीर आणि काठ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत टोचायचं. आधी मूठभर तांदूळ मोज्यात भरून, गाठ मारून जरा गरम करा, आपल्या मनगटाला सोसेल इतपतच, आणि अर्धा-एक मिनिट कानाला लावा. थंड कानातून थेंब निघत नाही, सगळी झटापट तिथेच होते. कानावर व्हॅसलिनचं पुसट बोट फिरवलं की रक्त केसांत पसरत नाही, टपोरा थेंब उभा राहतो. कानामागे दुमडलेला कापूस धरायचा, नाहीतर लॅन्सेट (रक्त काढायची बारीक सुई) थेट आपल्या बोटात. थेंब आला की मीटरची स्ट्रिप त्याच्याजवळ न्या, ती आपणहून ओढून घेते. मग कापूस दाबून धरा आणि लगेच आवडीचा खाऊ द्या, दर वेळी, न चुकता. काही दिवसांत मांजर डबा उघडल्याचा आवाज ऐकून स्वतःच येऊन बसतं.

माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, पण मांजराच्या रक्तात तो सहसा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. तुलना हवी तर दर वेळी तोच मीटर वापरा आणि डॉक्टरांना सांगा की हा माणसांचा आहे. फ्रीस्टाइल लिब्रेचा सेन्सर मांजरांनाही लावतात. मानेच्या बाजूला केस काढून डकवला की दिवस-रात्रीचा सगळा आलेख मिळतो. चौदा दिवसांचा म्हटला तरी मांजरावर तो बऱ्याचदा आधीच निघतो. साखर झपाट्याने बदलत असेल तर तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, म्हणून त्याने खूप खालचा आकडा दाखवला की कानाच्या थेंबाने खात्री करायची.

एका दिवसाचा आलेख

आता मुख्य काम. सुट्टीचा दिवस धरा, आणि आदल्या पाच-सात दिवसांत डोस बदललेला नसावा. ग्लार्जिनचा साठा कातडीखाली हळूहळू जमतो, नवा डोस बसायला तेवढे दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून वाढवणं म्हणूनच फसतं. सकाळी खाण्याआधी आणि सुईआधी एक आकडा, मग नेहमीचं खाणं, नेहमीचा डोस, आणि पुढे दर दोन तासांनी संध्याकाळच्या सुईपर्यंत. आकड्याशेजारी वेळ आणि खाल्लेलं लिहा.

समजा असं आलं: ४२०, ३९५, ३७०, ३८०, ३९०, ४१०, ४२०. हा सपाट आलेख. सिरिंज, बाटली, टोचणं सगळं चोख असेल, तर खरंच डोस कमी पडतोय, आणि डॉक्टर वाढवतील ते अर्ध्या-एक युनिटाने.

किंवा असं: ४२०, २४०, ११०, १७०, ३२०, ४००, ४३०. याला मी आखूड आलेख म्हणते. इन्सुलिन हवं तेवढं खोल जातंय, पण सहा-आठ तासांत संपतंय. इथे डोस वाढवला तर ११० चे ५० होतील आणि संध्याकाळ चारशेवरच राहील. उपाय डोसमध्ये नाही, इन्सुलिनच्या जातीत किंवा वेळेत आहे. दिवसातून एकदाच टोचणाऱ्यांकडे आणि स्वस्त म्हणून माणसांचं मध्यम मुदतीचं इन्सुलिन वापरणाऱ्यांकडे हा आलेख हमखास मिळतो, कारण मांजराच्या शरीरात ते लवकर संपतं. दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने, आणि लांब टिकणाऱ्या इन्सुलिनवर जाण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि तिसरा: ४१०, २१०, ५४. इथे आलेख थांबवायचा, मांजराला खायला घालायचं आणि फोन लावायचा. डोस जास्त आहे. साखर इतकी घसरली की शरीर स्वतःच्या हार्मोन्सनी तिला वर ढकलू शकतं आणि संध्याकाळी पुन्हा ४०० दिसतात. असं उलटं चढणं मांजरांमध्ये पूर्वी मानत तितकं सर्रास नसतं असं आता डॉक्टर धरतात. पण ५४ हा आकडा एकदा दिसला की कारण शोधायला थांबायचं नाही.

सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान यावा, असं साधारण लक्ष्य असतं. दिवसातला बराच वेळ साखर २५० च्या आत राहिली तरी तहान आणि लघवी आटोक्यात येते, कारण साधारण २५० ते २८० च्या वर गेल्यावरच साखर लघवीत उतरायला लागते. दिवसभर साखर शंभरच्या आसपासच ठेवायचा हट्ट नको. शंका राहिली तर डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइनची तपासणी विचारा, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते आणि त्या दिवशीच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही.

साखर घसरली तर

अचानक आधाशासारखं खाणं मागणं, मग झोकांड्या, शून्यात बघत बसणं, अंग थरथरणं, शेवटी फिट. मांजर शुद्धीत असेल तर आधी खायला द्या. खात नसेल किंवा डोलत असेल तर मध किंवा ग्लुकोजची घट्ट पेस्ट बोटाने हिरड्यांवर चोळा. फिट आली असेल तर तोंडात बोट घालायचं नाही आणि काही ओतायचंही नाही, ओठाची कड उचलून हिरडीला मध लावायचा आणि दवाखाना गाठायचा. शुद्धीवर आलं तरी जायचंच, कारण इन्सुलिन अजून तासन्‌तास अंगात असतं आणि मधाची साखर लवकर संपते. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे आजच शोधून नंबर फ्रीजवर चिकटवा.

सुईआधीचा आकडा नेहमीच्या मानाने बराच खाली, समजा दोनशेच्या आत आला, तर टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा. मांजर खात नसेल, उलट्या होत असतील, तर पूर्ण डोस देऊ नका, आणि न विचारता इन्सुलिन बंदही करू नका. साखर चढलेली, खाणं बंद, उलट्या, मलूल, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, असं असेल तर ती कीटोनची (इन्सुलिन अपुरं पडल्यावर चरबी जळून रक्तात साचणाऱ्या आम्लांची) लक्षणं आहेत. त्याला "उद्या बघू" चालत नाही.

ताटलीत काय पडतं

हे घरातल्या सगळ्यांना विचारा, स्वतःला सोडून. आपल्या घरांत मांजर म्हणजे दूधभात. आजोबांचं जेवण झालं की ताटातला मासळीच्या कालवणाचा भात, दुपारी बाईंनी घातलेली दुधात कुस्करलेली पोळी. आलेखात दुपारी तीनला साखर का उसळते याचं उत्तर तिथे असतं. मांजर जन्मजात मांसाहारी, तिला पिष्ट पचवायची फारशी सोय नाही. कोरड्या दाण्यांमध्ये पिष्ट भरपूर असतं, आणि ग्रेव्हीच्या पाकिटांत रस्सा दाट करायला स्टार्च घातलेला असतो. जेली किंवा मऊ लगद्याचं ओलं खाणं, उकडलेली बिनमिठाची कोंबडी, मासे बरे. पण नुसत्या कोंबडीवर मांजर जन्मभर राहू शकत नाही, संपूर्ण आहार म्हणून लिहिलेलं ओलं खाणं रोज हवंच.

दाणे बंद करून ओलं खाणं सुरू करायचं ठरलं तर ते डॉक्टरांना सांगून, हळूहळू. पिष्ट कमी झालं की तोच डोस अचानक जास्त होतो आणि मांजर पडतं. जाड मांजर बारीक करायचं म्हणून उपाशीही ठेवू नका. काही दिवस पोटात अन्न नसलं की मांजराचं यकृत चरबीने भरतं, आणि ते आगीतून फुफाट्यात पडणं होईल. मेथीचं पाणी, कारल्याचा रस, आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या, यातलं काहीही नको. मांजरांसाठी अमेरिकेत अलीकडे गोळी आणि तोंडावाटे द्यायचं द्रव औषध मंजूर झालं आहे (२०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन, २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन), पण इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी ती नाहीत. त्याच जातीची माणसांची गोळी परस्पर दिली तर साखर बरी दिसत असतानाच कीटोन वाढू शकतात.

सगळं नीट असूनही आलेख सपाटच

किलोमागे दीड-दोन युनिटच्या वर डोस गेला आणि तरी आलेख हलत नाही, तेव्हा दुसरं काहीतरी इन्सुलिनला अडवतंय. पहिल्यांदा तोंड उघडून दात बघा. सुजलेल्या हिरड्या आणि कुजका दात एवढ्यानेही साखर अडून बसते, आणि दात काढल्यावर डोस कमी करावा लागतो, म्हणून त्या आठवड्यात मीटर हाताशी हवा. लघवीची कल्चर तपासणी मागा. साखरेच्या लघवीत जंतू मजेत वाढतात आणि कधीकधी बाहेरून काहीच दिसत नाही. मग जुनी फाइल काढून बघा: खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का? लांब टिकणाऱ्या स्टेरॉइडचा परिणाम आठवडेच्या आठवडे राहतो. कानात किंवा डोळ्यात घालायचे थेंबही सांगा. स्वादुपिंडाची सूज आणि थायरॉइड यांची तपासणीही डॉक्टर करून घेतील.

आणि एक कारण फार कमी जणांच्या मनात येतं: मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीवरच्या लहान गाठीमुळे वाढीचं हार्मोन जास्त तयार होणं. साखर चढलेली असूनही वजन वाढतंय, पंजे आणि जबडा रुंद झाल्यासारखे वाटतायत, घोरायला लागलंय, तर आयजीएफ-१ ची रक्ततपासणी विचारा. इंग्लंडमध्ये तपासलेल्या मधुमेही मांजरांत साधारण चारात एकाला हे निघालं होतं, म्हणजे दुर्मिळ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. अशा मांजराला डोस बराच मोठा लागतो आणि तो देणं बरोबरही असतं, पण कारण कळल्यावर.

मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालत असेल तर तो नसांवरचा परिणाम. साखर आटोक्यात आली की कित्येकदा हळूहळू सुधारतो, त्याला महिने लागतात. बी-१२ द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा.

आलेख एकदा ताळ्यावर आला की पुढचे काही आठवडे मीटर बाजूला ठेवू नका. कुत्र्यांमध्ये सहसा होत नाही ते मांजरांमध्ये होऊ शकतं: साखर लवकर काबूत आली तर स्वादुपिंड पुन्हा काम करायला लागतं आणि इन्सुलिनची गरज घटत जाते, काहींची पूर्ण संपते. सुईआधीचे आकडे दर आठवड्याला खाली येताना दिसले की डॉक्टरांना कळवा, ते टप्प्याटप्प्याने डोस उतरवतील. इन्सुलिन सुटलं तरी ओलं खाणं चालूच ठेवा, आठवड्यातून एकदा कानाचा थेंब घ्या, आणि मांजराच्या फाइलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: मधुमेह होता, स्टेरॉइड देण्याआधी विचारा.